बटणाचा खेळ कोणाचा

नाट्यगृहाच्या मागच्या दारासमोर, जिन्याखालच्या खोलीत कपडे आल्टर करून देणारं एक दुकान होतं. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला उंच आरसा आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा एक पुतळा. पुतळ्याच्या अंगावर कायम कोणाचा ना कोणाचा अर्धवट कोट चढवलेला असायचा. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे काजबाई म्हणत. मशीनवरचे काज सगळीकडे रुळले तरी ही बाई काज हातानेच करायची. कापड उलटं धरा नाहीतर सुलटं, वरची बाजू कोणती ते हुडकत बसावं लागे.

जीभ मात्र तिची सुईपेक्षा टोकदार होती. एखादा म्हणाला, "बाई, पॅन्ट कमरेत आटली हो," तर ती मान वर न करता म्हणायची, "पॅन्ट जागच्या जागी आहे. तुम्हीच वाढलात. दोन बोटं सोडते, पुढचं जेवताना तुम्ही बघा." लोक हसायचे, आणि परत तिच्याकडेच यायचे.

तिने लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. दोन गल्ल्या पलीकडे तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि ताईचा नवरा, म्हणजे दाजी. दाजी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. आठवडाभर लोकांच्या अंगणात वाकून आकडे टिपायचे आणि सुट्टीच्या दिवशी काळा कोट चढवून जादूचे प्रयोग करायचे. शाळा, सोसायट्यांचे हॉल, कुठल्याशा बँकेचं स्नेहसंमेलन. माणूस उंच, आवाज घुमणारा. स्टेजवर येऊन नुसते उभे राहिले तरी मागच्या रांगेतली पोरं गप्प व्हायची. बोटं मात्र जाड आणि आळशी. काजबाई म्हणायची, "दाजी, देवाने तुम्हाला आवाज दिला, आणि बोटं द्यायच्या वेळी तो जेवायला गेला."

या दाजींमुळे काजबाई जादूत शिरली. एकदा ते कोटाला आतून चोरखिसा लावून घ्यायला आले. तिने लावून दिला, घालून बघा म्हणाली. दाजींनी रुमाल खिशात नाहीसा करून दाखवला आणि कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"दिसला," काजबाई म्हणाली.

"काय दिसलं? रुमाल?"

"रुमाल नाही, खांदा. हात आत गेला की उजवा खांदा वर चढतो. लोकांना खिसा कळणार नाही, पण काहीतरी लबाडी झाली एवढं कळेल. खिसा अडीच बोटं खाली हवा आणि तिरका."

तिने खिसा उसवला आणि खाली तिरका लावला. दाजींनी परत करून बघितलं. खांदा हलला नाही. आरशात स्वतःकडे बघत दाजींनीच तोंडात बोट घातलं.

झालं. तेव्हापासून खिशाबरोबर खेळही ती सुचवायला लागली. माणूस हात वर करतो तेव्हा अंगावरचं कापड कुठे ताणतं, कुठे झोल पडतो, बघणाऱ्याची नजर कशाच्या मागे जाते, हे तिला वीस वर्षं कपडे बेतून बेतून पाठ झालेलं होतं. त्या समजुतीवर तिने दाजींना सात-आठ खेळ बांधून दिले. कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाहीत, कोणाचे बघितलेले नाहीत. दाजी ते करायचे, लोक टाळ्या वाजवायचे, ती तिसऱ्या रांगेत बसून खांद्याकडे बघायची.

बटणाचा खेळ तिला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे सुचला.

भर दुपारी तो आला. कोटाचं मधलं बटण रस्त्यातच तुटलं होतं. हरवू नये म्हणून त्याने ते वाटभर मुठीत घट्ट धरून आणलेलं. काजबाईने बटण घेतलं, कोट त्याच्या अंगावर असतानाच चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. म्हातारा आपल्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होता. सांगता सांगता त्याने मूठ पुढे केली, "हे घ्या," म्हणत उघडली आणि थबकला. मुठीत काही नव्हतं. मग त्याने छातीकडे बघितलं. बटण जागेवर. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून काजबाईच्या हातातली सुई तशीच राहिली. मग म्हाताऱ्याला आठवलं, तो स्वतःशीच हसला आणि निघून गेला. तो गेल्यावर ती बराच वेळ आपल्याच बंद मुठीकडे बघत बसली होती.

तो एक क्षण मुद्दाम घडवून आणायला तिला साडेतीन वर्षं लागली.

खेळ दिसायला असा: जादूगार प्रेक्षकांतल्या एका माणसाला वर बोलावतो. त्याच्याच कोटाचं बटण त्याच्याच डोळ्यांदेखत कात्रीने कापतो. बटण त्याच्या मुठीत देतो आणि मूठ मिटायला लावतो. मग जादूगार आपल्या कॉलरमधून सुई-दोरा काढतो आणि चार हात लांब उभा राहून हवेत चार टाके घालतो, गाठ मारतो, दोरा तोडतो. म्हणतो, "बघा बरं." माणूस मूठ उघडतो. मुठीत दोऱ्याचा एवढासा तुकडा. बटण कोटावर, शिवलेलं, ओढलं तरी न निघणारं.

कसं होतं ते इथे सांगायचं नाही. पुढे ते कोणाकोणाला कळलं ते येईलच, पण या सांगण्यातून तरी नको. एवढं सांगतो, की तिने पुतळ्याच्या अंगावर हजारो बटणं कापली. दोरा मेणाचा घेतला, टाकला. रेशमाचा घेतला, टाकला. बोटाची पेरं सोलवटली, त्यावर पट्ट्या लावून गिऱ्हाइकांची कामं केली. आणि एके दिवशी टपालवाला दारात उभा असताना तिने त्याच्या शर्टावर खेळ करून दाखवला. टपालवाला स्वतःची मूठ तीनदा उघडून मिटून बघत राहिला आणि समोरच्याची पत्रं तिच्या दुकानात विसरून गेला.

"हा खेळ मी स्वतः करणार," ती ताईकडे जाऊन म्हणाली.

दाजींनी आधी खेळ बघितला, मग खुर्चीत बसले, मग विचार करून बोलले. "हे बघ. बाईच्या हातात सुई बघून कोणाला काय नवल वाटणार? लोक म्हणतील, शिंपीण आहे, शिवलं असेल कसंतरी. तीच सुई माझ्यासारख्या रेड्याच्या हातात बघितली तर?"

ताई हसली. काजबाईही हसली. बोलणं खोटं नव्हतं, हाच तर त्यातला काटा होता. तिने खेळ दाजींना शिकवायला घेतला.

दाजींच्या बोटांना ते साधायला आणखी दीड वर्ष गेलं. त्यात एक खोड मात्र गेली नाही. सुई कॉलरमध्ये आधीपासून ओवलेलीच असायची, पण तालमीच्या सुरुवातीला दाजी स्वतः ओवायचे, त्यामुळे सुई बाहेर काढली की दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं करायची सवय त्यांना लागली. ओवलेल्या सुईचा दोरा ओला करून काय मिळवायचं? काजबाई दहादा ओरडली. शेवटी तिने नाद सोडला. म्हणाली, "असू दे. बाळाच्या गालाला तीट."

पहिला प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये झाला. वर बोलावलेला माणूस शाळेचा हिशेबनीस होता, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेला. त्याने मूठ उघडली, छातीकडे बघितलं, आणि त्या आठ्या एकदम मावळल्या. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी हॉलमध्ये एक शांतता झाली. काजबाई तिसऱ्या रांगेत बसली होती. पुढे आयुष्यात तिला कोणी विचारलं असतं, तुझा सुखाचा दिवस कोणता, तर तिने ती शांतता सांगितली असती. कोणी विचारलं नाही.

जादूगारांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा त्याचं संमेलन भरायचं. दाजींनी तिथे बटणाचा खेळ करायचं ठरवलं. काजबाई सुया-दोऱ्यांची डबी घेऊन विंगेत उभी राहिली. खेळ झाला आणि समोर बसलेले, जन्मभर दुसऱ्यांना फसवलेले लोक पोरांसारखे उभे राहिले. प्रयोगानंतर विंगेत सगळ्यांच्या पुढे आला तो झगमग. त्या जादूगाराचं खरं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात असायचं, पण धंद्यातले लोक त्याला पाठीमागे झगमग म्हणायचे, कारण त्याच्या कोटावर टिकल्या आणि अंगठ्यांत खडे, सगळं सारखंच चमकायचं. टीव्हीवर त्याचा दर आठवड्याला कार्यक्रम होता. त्याने दाजींना मिठी मारली.

"कमाल! कोणाचा खेळ हा?"

काजबाई चार पावलांवर होती. दाजींनी तिच्याकडे बघितलं नाही.

"माझाच," दाजी म्हणाले.

घरी जाताना दाजीच म्हणाले, "तिथे सगळ्यांसमोर कुठे लांबण लावायची? आपलं घरचं ते घरात." तिने मान हलवली. घरचं ते घरात, हे तिलाही तेव्हा पटलं. माणसाला पटवून घ्यायचं असलं की काहीही पटतं.

झगमगने नंतर दाजींचा प्रयोग तीनदा बघितला. एकदा पहिल्या रांगेत, एकदा डावीकडे कडेला, एकदा मागे उभं राहून. सहा महिन्यांनी ताईकडे सगळे टीव्हीसमोर बसलेले असताना झगमग पडद्यावर आला आणि म्हणाला, "आता एक असा खेळ, जो मला स्वप्नात दिसला."

मागे धूर, चार नाचणाऱ्या मुली, छताएवढ्या पडद्यावर बटणाचं चित्र. हवेतल्या टाक्यांबरोबर ढोल वाजले. बटण परत आलं तेव्हा दोऱ्याचा रंगही जुळला नाही. काजबाईने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. पण त्याआधी एक गोष्ट झाली होती, ती बघून ती ताडकन उभी राहिली होती. झगमगने कॉलरमधून ओवलेली सुई काढली आणि दोऱ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं.

"बघितलंत? दाजी, बघितलंत?" ती ओरडली. "अहो, तुमची खोड! स्वप्नात खेळ दिसेल एक वेळ, दाजींची थुंकी कशी दिसेल?"

दाजी पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाबरोबर आणखी काहीतरी होतं. आपला खेळ इतका मोठा होऊ शकतो, असं काहीतरी.

दुसऱ्या आठवड्यात वकीलबाई दुकानात आल्या. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाह्या नेहमी काजबाईच आखूड करून द्यायची. त्यांना आरशासमोर उभं करून, तोंडात टाचण्या धरून काजबाईने सगळं सांगितलं.

वकीलबाईंनी ऐकून घेतलं. "काय आहे," त्या म्हणाल्या, "कल्पनेला मालक नसतो. बटण परत यावं ही कल्पना कोणाचीही असू शकते. ते ज्या युक्तीने येतं, त्या युक्तीत नवं साधन असेल तर पेटंटचा अर्ज करता येईल. पण अर्जात सगळं लिहावं लागतं, आकृत्यांसकट, आणि ते छापून जाहीर होतं."

काजबाईने टाचण्या तोंडातून काढल्या. "म्हणजे चोर येऊ नये म्हणून तिजोरी उघडून त्याला दाखवायची?"

"तसंच म्हणा. आणि ठरावीक वर्षं झाली की ती सगळ्यांची."

"आणि नाही लिहून दिलं तर?"

"तर ते गुपित. तुम्ही राखाल तोवर तुमचं. कोणी नुसतं बघून आपल्या डोक्याने ओळखलं, तर त्याला चोर म्हणता येत नाही."

"तीन बाजूंनी तीनदा बघितलं त्याने."

"बघायला बंदी नाही ना. तिकीट काढून बघितलं." वकीलबाईंना स्वतःलाच हे बोलणं आवडलेलं दिसत नव्हतं. "एक वाट आहे. खेळाबरोबर जे बोललं जातं, ज्या क्रमाने हालचाली होतात, तो एक छोटा नाट्यप्रवेशच असतो. तो कागदावर लिहिलेला असेल तर लिहिणाऱ्याचा हक्क लागतो. तुम्ही लिहून ठेवलंय?"

काजबाईने मशीनच्या खणातून वही काढली. सगळं होतं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या "बघा बरं" पर्यंत. वकीलबाई पानं उलटत गेल्या. "अक्षर छान आहे हो तुमचं."

"माझं नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी सांगत गेले, दाजींनी लिहिलं."

वकीलबाईंनी वही मिटून टेबलावर ठेवली. "मग तुमच्या दाजींनी खरं सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "सगळं त्यांच्यावर आहे."

दाजींनी शब्द दिला. ताईसमोर दिला. "मी मंडळाकडे तक्रार करतो. मंडळात चौकशी झाली की झगमगला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि मी स्वच्छ सांगणार, खेळ हिचा आहे." ताईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

चौकशी महिन्याभराने ठरली. त्या महिन्यात दाजी दुकानाकडे फिरकले नाहीत. ऑफिसात काम आहे, असा निरोप यायचा. काजबाईने विश्वास ठेवला. मीटरवाल्याला महिनाअखेर काम असतंच.

मंडळाचं ऑफिस कागदाच्या दुकानावरच्या माडीवर होतं. लांब टेबल, भिंतीवर गेलेल्या जादूगारांचे फोटो, खिडकीत वाळलेली कुंडी. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दाताचे डॉक्टर. दात उपटताना बोलायची सवय असल्यामुळे ते सगळंच फार मऊ बोलायचे. शेजारी चिटणीस, ते छापखान्याचे मालक. झगमग स्वतः आला नव्हता. त्याने पत्र पाठवलं होतं. दाजी आधीच येऊन बसले होते. अंगावर नवा कोट होता, आणि तो तिने शिवलेला नव्हता. पाहताक्षणीच तिला ते कळलं. कॉलर मानेपासून सुटत होती.

चिटणीसांनी पत्र वाचलं. झगमगने लिहिलं होतं, की सदर खेळाचे जनक हे मंडळाचे सभासद दाजी हेच असून, त्यांच्या आनंदाने दिलेल्या परवानगीने आपण तो सादर करतो, आणि येत्या दौऱ्यात तेही आपल्याबरोबर रंगमंचावर असतील.

"हे खरं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

दाजी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "हो," ते म्हणाले. "आमच्यात बोलणं झालं. तक्रार मी मागे घेतो."

"आणि खेळ तुमचा?"

खिडकीखालून एक हातगाडी खडखडत गेली. ती जाईपर्यंत दाजी थांबले. "माझा," ते म्हणाले. "ही माझी मेहुणी. हिने शिवणकामात पुष्कळ मदत केली. ते मी नाकारत नाही."

काजबाईच्या पायाखालची जमीन सरकली नाही की डोळ्यांपुढे अंधारी आली नाही. तिला फक्त दाजींची ती सुटलेली कॉलर दिसत राहिली. मग ती उठली.

"खेळ मी केला," ती म्हणाली. "पाच वर्षं. यांना विचारा, गाठ डावीकडून का घ्यायची. विचारा ना. यांना सांगता येणार नाही. मी सांगितलं म्हणून घेतात."

"बाई, बसा," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. "शिवून तुम्ही दिलं असेल. पण शिवणं वेगळं आणि जादू वेगळी."

"मग करून दाखवू?"

कोणी हो म्हणायच्या आत ती टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेली. पर्समधली कात्री काढली आणि अध्यक्षांच्या कोटाचं वरून दुसरं बटण कापलं. कचकन आवाज झाला. अध्यक्ष चमकून मागे सरले. तिने बटण त्यांच्या मुठीत दिलं, मूठ मिटली आणि चार पावलं मागे आली. ना संगीत, ना धूर, ना दाजींचा घुमणारा आवाज. "मी शिंपीण आहे," ती म्हणाली, "माझ्या हातात सुई बघून तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही." तिने हवेत पहिला टाका घातला. दुसरा. तिसरा. चौथा. गाठ, डावीकडून. दोरा तोडला. तो ओला करायची तिला गरज पडली नाही.

अध्यक्षांनी मूठ उघडली. छातीकडे बघितलं. बटण ओढून बघितलं.

माडीवर शांतता झाली. तीच, शाळेच्या हॉलमधली. चिटणीसांच्या हातातला पेन हवेतच राहिला होता. दाजींनी इतका स्वच्छ झालेला हा खेळ आजवर कधी बघितला नव्हता. त्यांनी खाली मान घातली.

आता तरी कोणीतरी काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं. आणि अध्यक्ष बोलले.

"हात फार चांगला आहे तुमचा, बाई. फारच." त्यांनी चष्मा पुसला. "पण त्यामुळे एक अडचण झाली. मंडळाच्या नियमाप्रमाणे जो सभासद मंडळाच्या मंचावर खेळ प्रथम सादर करतो, खेळ त्याचा. तुम्ही सभासद नाही. आणि सभासद नसलेल्या माणसाने सभासदाचा खेळ आत्ता आमच्यासमोर केला. म्हणजे तुम्हाला त्याचं गुपित माहीत आहे. ते बाहेर जाऊ नये ही आमची जबाबदारी आहे."

"माझंच गुपित माझ्याकडून बाहेर जाऊ नये?"

"एक हमीपत्र लागेल," चिटणीस म्हणाले. "हा खेळ आपण करणार नाही आणि कोणाला सांगणार नाही, असं. सगळ्यांकडूनच घेतो आम्ही."

आयत्या बिळावर नागोबा तिने पुष्कळ पाहिले होते. बिळाच्या मालकिणीकडूनच परत न येण्याची हमी लिहून घेणारे तिने पहिल्यांदाच पाहिले. ती जिना उतरली.

कागद घेऊन दुसऱ्या दिवशी ताई आली. पुतळ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली.

"त्यांची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. जन्मभर लोकांच्या अंगणात वाकले गं ते. आता कोणीतरी मोठ्या स्टेजवर उभं करतंय. तू सही केली नाहीस तर मंडळ त्यांना काढून टाकेल, तुला शिकवलं म्हणून."

"मला त्यांनी शिकवलं?"

"मला माहितीये गं. मला सगळं माहितीये. पण मी काय करू? माझं घर आहे ते."

काजबाई बहिणीकडे बघत राहिली. ताईने लहानपणी स्वतःचे फ्रॉक उसवून तिचे बेतले होते. आई गेल्यावर हिनेच तिला पहिली सुई हातात दिली होती. काजबाईने कागद इस्त्रीच्या टेबलावर पसरला, चुरगळलेली घडी हाताने सपाट केली आणि कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात सही केली.

"आता डोळे पूस," ती म्हणाली. "आणि पाच-सहा दिवस येऊ नकोस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "बाई, टीव्हीवर तो बटणाचा खेळ बघितलात का? तुमच्या लायनीतला आहे!" ती म्हणायची, "बाह्या किती आखूड करू?"

दाजी दौऱ्यावर गेले. झगमग त्यांना एका प्रवेशात स्टेजवर बोलवायचा, "हे या खेळाचे जनक" म्हणून सांगायचा, त्यांच्याच कोटाचं बटण कापायचा आणि खाली पाठवायचा. दीड वर्षात तेही बंद झालं. कारण खेळच मेला. कोणा एकाने मोबाईलवर तीन मिनिटांची चित्रफीत टाकली: बटणाचं रहस्य उघड. बाजूने, मागून, सावकाश करून, लाल बाणांसकट. लाखो लोकांनी बघितली. मग बाजारात प्लास्टिकची डबी आली, आत दोन बटणं, एक बोथट सुई आणि सूचनांची चिठ्ठी. ताईची मुलगी एक डबी घेऊन मावशीला दाखवायला आली. काजबाईने चिठ्ठी वाचली. गाठ उजवीकडून घ्यायला सांगितली होती. तशी घेतली तर बटण दोन ओढीत निघतं. तिने डबी बंद करून भाचीला परत दिली.

मंडळाने त्या चित्रफितीचा निषेध केला. निषेधात लिहिलं, की सभासदांच्या बुद्धीच्या अपत्यांवर घाला घातला जात आहे. पत्रकावर सही अध्यक्षांची होती.

शेवटी, काही वर्षांनी, एका दुपारी दाजी दुकानात आले. निवृत्त झाले होते, केस पिकले होते, आवाज तसाच होता. स्टुलावर बसले. पुतळ्याच्या अंगावर एक राखाडी कोट होता, त्यावर खडूच्या खुणा, कच्चे टाके. दाजींनी टोपी काढून त्याच पुतळ्याच्या मानेवर ठेवली.

"तू बोलत नाहीस माझ्याशी, बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मी वागलो ते... ते मला झोपू देत नाही, असं म्हटलं तर तू हसशील."

"हसणार नाही. पण खरंही मानणार नाही."

दाजी पुढे वाकले. "तुझ्याकडे दुसरं काही आहे का? नवीन? या वेळी तुझं नाव आधी सांगेन. मंडळात तुला सभासद करून घेऊ, मग करू. सगळं नियमाने."

काजबाईने दाजींच्या टोपीकडे बघितलं. टोपीखालच्या राखाडी कोटात तिची अलीकडची चार वर्षं होती. तो खेळ अजून कोणी बघितला नव्हता, टपालवाल्यानेही नाही. बटणाचा खेळ त्यापुढे पोरखेळ वाटला असता.

"नाही," ती म्हणाली. "आता सुचत नाही काही."

"काहीच नाही?"

"डोळे गेले, दाजी. आता बाह्या आखूड करायच्या, दुसरं काय."

दाजी उठले, टोपी घेतली. जाता जाता कोटाची बाही चिमटीत धरून म्हणाले, "कापड छान आहे गं." आणि गेले.

ते वळणापलीकडे जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने कोट मांडीवर घेतला आणि उसवायला बसली. आधी अस्तर. मग अस्तराच्या आतलं. शिवायला चार वर्षं लागलेलं उसवायला एक दुपार पुरली. प्रत्येक दोरा तिने बोटाने ओढून काढला, त्याची गुंडाळी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. वहीत लिहिलेलं काही नव्हतंच. या वेळी तिने कोणालाच काही लिहायला सांगितलं नव्हतं.

उरलेला कोट तिने मंडळाच्या माडीखालच्या कागदाच्या दुकानातल्या कारकुनाला बेतून दिला. तो रोज घालतो. खांद्यात जरा सैल होतो, एवढीच त्याची तक्रार आहे.